नीरा-भीमेमधील रानमोहोळें व शेतींतील विषें

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सीताध्यक्षाचें, म्हणजे शेतीवरील राजाधिकाऱ्याचें, प्रकरण आहे. त्यांत पेरणीपूर्वीं बियाण्यावर करावयाचे संस्कार सांगितले आहेत. जीं पिकें कांडी लावून होतात, म्हणजे मुख्यतः उसासारखीं, त्यांच्या कांडीच्या कापलेल्या तोंडास मध, तूप, डुकराची चरबी व शेण यांचा लेप द्यावा, असें त्या प्रकरणाचें सांगणें आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ प्रथम छापून विद्वानांपुढें ठेविला, तेव्हांपासून त्यांतील दुर्ग, कोश व दंड यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. बेण्याच्या लेपाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. आम्हीही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां हें स्थळ अनेक वेळां वाचलें आणि ओलांडून पुढें गेलों.

सेवानिवृत्तीनंतर बारामती तालुक्यांतील एका आप्ताच्या मळ्यांत ऊसलागवडीच्या दिवशीं बसण्याचा योग आला. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या तोडून त्या बुरशीनाशक व कीटकनाशक यांच्या द्रावणानें भरलेल्या पिंपांत बुडवीत होते. यास आतां बेणेप्रक्रिया म्हणतात. संस्कार तोच, कापलेलें तोंड तेंच, हेतूही तोच. द्रव्य मात्र बदललें होतें. कौटिल्यानें उसाच्या रक्षणासाठीं मधमाशीची मिळकत घेतली. आजचें द्रव्य मधमाशीसच मारक आहे. या दोन लेपांमधील काळांत आमच्या मुलखांतील रानमोहोळांचें काय झालें, याचा यथाशक्ति विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

(१) विषयाची योग्यता

इतिहासाच्या त्रैमासिकांत माश्यांचें प्रकरण कशास, असें कोणी वाचक विचारील. त्यास उत्तर असें कीं, आपण ज्या वस्तु जपून ठेवितों त्यांपैकीं कित्येकांच्या मुळाशीं मधमाशी आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें मानसोल्लासांत धातूच्या मूर्ति ओतण्याची रीति सांगितली आहे. तींत मूर्ति प्रथम मेणाची करावयाची असते. मेणास संस्कृतांत मधूच्छिष्ट, म्हणजे मध काढून उरलेलें, असें नांव आहे. दख्खनमधील देव्हाऱ्यांतून ज्या ओतीव मूर्ति पूजिल्या जातात त्या अशा रीतीनें आधीं मेणांत जन्मल्या. वैद्यकांत तर मधावांचून पान हलत नाहीं.

आपल्या ग्रंथकारांस हा विषय क्षुद्र वाटत नव्हता. चरकानें मधाचे चार प्रकार सांगितले : माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक. सुश्रुतानें त्यांत छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल यांची भर घालून आठ केले. हे भेद बहुतांशीं माशीच्या जातीवरून केलेले आहेत. यांतील कोणतें नांव आजच्या कोणत्या जातीस लावावें याविषयीं टीकाकारांत मतभेद आहेत, व त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. एवढें मात्र निश्चित कीं, मध देणारी माशी एकच नसून अनेक आहेत, हें त्या ग्रंथकारांस ठाऊक होतें.

आमच्या खेडुतांसही तें ठाऊक आहे. उंच वडाच्या फांदीस किंवा कड्यास एकच मोठें पोळें टांगणारी ती आग्या. झाडाच्या ढोलींत अथवा भिंतीच्या पोकळींत समांतर पोळीं बांधणारी ती सातेरी. झुडपावर तळहाताएवढें पोळें करणारी ती फुलोरी. आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींत मेणाची नळी काढून राहणारी, नांगी नसलेली, ती पोयाची माशी. यांशिवाय एकट्यानें राहणाऱ्या माश्या पुष्कळ. वाळक्या लाकडास भोंक पाडणारा काळा भुंगा, पानांचे गोल तुकडे कापून नेणारी माशी, बांधाच्या मातींत बीळ करणारी माशी, या सर्व मधमाशीच्याच गोत्रांतल्या. हिंदुस्थानांत अशा सातशेंहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेक मध सांठवीत नाहींत, म्हणून त्यांची कोणी पर्वा करीत नाहीं. परंतु तुरीच्या व तागाच्या फुलांस या भुंग्यांचें व पानकाप माश्यांचें येणें अवश्य असतें, आणि भोपळा, काकडी, दोडका यांस तर माशीवांचून फळच धरत नाहीं.

(२) कालव्यापूर्वींचा व नंतरचा मुलूख

ज्या कऱ्हेच्या कांठीं शके १६४० मध्यें श्रीधरस्वामींनीं शिवलीलामृत पुरें केलें व ज्या बारामतींत पुढें मोरोपंतांचें आयुष्य गेलें, तो प्रदेश मूळचा कमी पावसाचा. उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा, व दोहींचा संगम इंदापूर तालुक्यांत नीरा-नरसिंगपुरास. मधल्या माळावर बाभूळ, बोर, हिवर, लिंब, ओढ्याकांठीं करंज, शेतांत बाजरी, ज्वारी, तूर, करडई. ज्वारी-बाजरीस मध नसला तरी तिच्या कणसावर माश्या पराग गोळा करितात, व करडईचें फूल तर माघांत मोहोळांचा मोठा आधार. इनामी सनदांत गांवाच्या सीमेबरोबर जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि व निक्षेप यांचें दान लिहिण्याचा प्रघात होता. आमच्या पाहण्यांतील सनदांत मधाचें नांव निराळें आढळत नाहीं. पण तरु आणि पाषाण यांवरच आग्यामोहोळ लागत असल्यानें दान घेणाऱ्यास तेंही पोंचतच असे.

या स्थितींत पहिला मोठा पालट विषानें केला नाहीं, पाण्यानें केला. १८७६ च्या दुष्काळांत ज्याचें काम निघालें त्या नीरा डाव्या कालव्यांतून १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें. बारामती त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विश्वेश्वरय्या यांनीं या कालव्यावर पाणीवांटपाची ब्लॉक पद्धति आणिली व तीमुळें उसास नियमित पाणी मिळूं लागलें. पुढें वालचंदनगरचा कारखाना झाला. स्वातंत्र्यानंतर माळेगांव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथें सहकारी कारखाने उभे राहिले. आणि १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झाल्यावर इंदापुरच्या उत्तरेकडील गांवांसही पाणी आलें. या पाण्यानें दुष्काळांत वणवण करणारीं कुटुंबें स्थिर झालीं. आमच्या स्वतःच्या शिक्षणाचा खर्च अशाच एका उसाच्या पट्ट्यानें सोसला आहे, त्यामुळें त्या पाण्यास नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

परंतु मधमाशीच्या दृष्टीनें पाहतां ऊस हें गवत आहे. तो बहुधा तुऱ्यावर येण्यापूर्वींच तुटतो, आणि तुरा आला तरी त्यांत मध नाहीं. कोसाच्या कोस ऊस म्हणजे माशीस कोसाच्या कोस उपवास. करडई गेली, बांध अरुंद झाले, बांधावरच्या बाभळी सरपणास गेल्या. तेव्हां मोहोळांच्या ऱ्हासाचा सर्व दोष फवाऱ्यावर टाकणें एकांगी होईल. फुलें आधीं गेलीं, विष मागाहून आलें. आणि जीं थोडीं फुलें उरलीं त्यांवरच तें पडलें, हें या प्रकरणाचें मर्म आहे. डाळिंब, पेरू, कांद्याचें बियाणें, वेलभाज्या हीं बागाईतांतील फुलांचीं पिकें, आणि फवारणीही सर्वांत अधिक यांवरच.

(३) विषांचा क्रम

कीटकांस मारणें अथवा दूर ठेवणें हें आपणां पोथ्या जपणाऱ्यांस नवें नाहीं. पोथींत वेखंडाचा तुकडा व लिंबाचा पाला घालणें, ती घट्ट फडक्यांत बांधणें, हें आपले वाडवडील करीत आले. कागदास हरताळ लावीत, तो सोमलाच्या जातीचा. अशुद्ध अक्षर पुसण्याच्या कामीं तो इतका रुळला कीं हरताळ फासणें हा वाक्प्रचारच झाला. शेतींतही वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत व सुरपालाच्या वृक्षायुर्वेदांत झाडांच्या रोगांवर वावडिंगादि द्रव्यांचे लेप व धुरी सांगितल्या आहेत. या सर्वांचा विशेष असा कीं, ज्या झाडास अथवा पोथीस द्रव्य लाविलें तेथेंच तें राही.

नवीन विषांचा क्रम निराळा आहे. डी. डी. टी. हें द्रव्य १८७४ मध्येंच तयार झालें होतें; त्याची कीटकनाशक शक्ति पाउल म्यूलर यानें १९३९ सालीं ओळखिली व त्याबद्दल त्यास १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हिंदुस्थानांत १९५२ सालीं कलकत्त्यानजीक रिश्रा येथें बी. एच. सी. चा कारखाना निघाला. १९५३ पासून हिंवतापाच्या मोहिमेंत घरोघरच्या भिंती डी. डी. टी. नें फवारल्या जाऊं लागल्या. आमच्या लहानपणीं त्या पांढुरक्या डागांवरून आम्ही बोट फिरवीत असूं. त्या फवारणीनें असंख्य मनुष्यें वांचलीं, हेंही येथेंच नमूद केलें पाहिजे.

हरितक्रांतीबरोबर हीं द्रव्यें शेतांत सर्रास आलीं. १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम त्यांच्या नियमनासाठीं झाले. कालांतरानें एकेक द्रव्य बाद झालें : शेतींतील डी. डी. टी. १९८९ मध्यें, बी. एच. सी. १९९७ मध्यें, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेनें एंडोसल्फान २०११ मध्यें. परंतु तोंवर त्यांची जागा दुसऱ्या पिढीनें घेतली होती. जमिनींत टाकावयाचीं फोरेटसारखीं दाणेदार विषें मातींत घर करणाऱ्या माशीच्या दारांतच जाऊन पडतात. त्यानंतर, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झॅम इत्यादि निकोटिनसदृश विषें बाजारांत आलीं.

या शेवटच्या वर्गाविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे. पूर्वींचें विष पानावर पडे व कांहीं दिवसांनीं धुऊन जाई. फवारणी आणि फुलोरा यांच्या वेळा निरनिराळ्या ठेविल्या म्हणजे माशी वांचे. हें विष मुळांवाटे किंवा पानांवाटे झाडाच्या रसांत शिरतें व त्या रसाबरोबर फुलांतील मधांत व परागांतही उतरतें. म्हणजे फवारणी आज व विषबाधा पुढें, असाही प्रकार होऊं शकतो. तें मज्जातंतूंवर क्रिया करितें. मधमाशीस मारण्यास इमिडाक्लोप्रिड एका ग्रॅमच्या अब्जांशाचे कांहीं थोडे भाग पुरतें; डी. डी. टी. हून तें हजारों पटींनीं तीव्र आहे. त्याहून कमी मात्रेनें माशी मरत नाहीं, पण वाट चुकते. फ्रान्समधील संशोधकांनीं २०१२ सालीं माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म खुणा चिकटवून पाहिलें, तों थायामेथोक्झॅमची अल्प मात्रा मिळालेल्या माश्यांपैकीं पुष्कळ पोळ्याकडे परतल्या नाहींत. युरोपीय संघानें २०१३ सालीं अशा तीन विषांवर फुलणाऱ्या पिकांपुरता निर्बंध घातला व २०१८ सालीं उघड्या शेतांतील त्यांचा उपयोगच बंद केला. आपल्या देशांत तीं विक्रींत आहेत, आणि उसाच्या हुमणीपासून बागेंतील फुलकिड्यांपर्यंत त्यांचा उपयोग होतो.

(४) त्रिकोणाची मोहर

कागदावरील शिक्का पाहून त्याचा अधिकार ठरविणें हा आपला नित्याचा उद्योग आहे. विषाच्या बाटलीवरही शिक्का असतो, व तो वाचण्यांत शेतकऱ्यांची मोठी चूक होते. १९७१ च्या नियमांप्रमाणें बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापावा लागतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. परंतु हें जहालपण उंदरासारख्या सस्तन प्राण्यावर प्रयोग करून, म्हणजे मनुष्यास होणारा धोका मनांत धरून, ठरविलेलें आहे. मधमाशीचा त्या त्रिकोणाशीं कांहीं संबंध नाहीं. थायामेथोक्झॅम निळ्या त्रिकोणांत बसतें. मधमाशीस तें प्राणघातक आहे. दुकानांतून निळी बाटली घेऊन ही सौम्य आहे अशा समजुतीनें भर बहरांत फवारणारा बागाईतदार आम्हीं पाहिला आहे. तो लबाड नव्हता. मोहर एका गोष्टीची होती, त्यानें ती दुसऱ्या गोष्टीची समजली.

मे २०२० मध्यें केंद्र सरकारनें सत्तावीस कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यांतील कित्येकांविरुद्ध मधमाश्यांस घातक हेंही एक कारण दिलें होतें. सरकारी कागदांत मधमाशीचें नांव अशा रीतीनें येणें ही इतिहासाच्या दृष्टीनें नोंदण्यासारखी गोष्ट आहे.

(५) पुराव्याची छाननी

विषांचे माशीवर होणारे परिणाम प्रयोगसिद्ध आहेत. तो पुरावा अस्सल. आपल्या देशांतील स्वतंत्र राहणाऱ्या देशी माश्यांविषयीं कलकत्ता विद्यापीठाच्या संशोधकांनीं पूर्वेकडील शेतमुलखांत अभ्यास करून विषग्रस्त भागांतील माश्यांच्या शरीरांत अपायाचीं चिन्हें दाखविलीं आहेत, तोही भरंवशाचा. आमच्या दोन तालुक्यांविषयींचा आमच्याजवळील पुरावा मात्र तोंडी आहे, आणि तोंडी पुराव्याची जी किंमत आपण बखरींस देतों तीच त्यास दिली पाहिजे.

इंदापूर तालुक्यांतील ज्या गांवीं आम्हीं अनेक वर्षें अध्यापन केलें, तेथील देवळाजवळच्या पिंपळास दिवाळीनंतर आग्यामोहोळें लागत. आग्यामाशी ऋतूनुसार स्थलांतर करिते व वर्षानुवर्षें त्याच झाडास परत येते, हें शास्त्रज्ञांनींही पडताळून पाहिलें आहे. त्या झाडाखालीं धूर करूं नये, दगड मारूं नये, अशी मुलांस सक्त ताकीद असे. पुढें मोहोळें कमी होत गेलीं. एका सकाळीं पारावर माश्यांचा सडा पडलेला आढळला. कित्येक अद्याप गरगर फिरत होत्या. मेलेल्यांच्या सोंडा बाहेर आलेल्या होत्या. आदल्या दिवशीं सकाळीं शेजारच्या डाळिंबाच्या बागेंत, झाडें फुलावर असतां, फवारणी झालेली होती. त्यानंतर त्या पिंपळास मोहोळ लागलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

हें एका झाडाचें व एका सकाळचें प्रमाण आहे. त्यावरून दोन तालुक्यांचा निष्कर्ष काढणें संशोधकास शोभणार नाहीं. तसेंच त्या बागवानास दोषी ठरविणेंही न्यायाचें नाहीं. तेल्या रोगानें बागा उपटाव्या लागलेल्या, डोक्यावर कर्ज, सल्ला देणारा तोच विष विकणारा. अशा मनुष्यास निवड किती असते? फवारा मारणाराही त्याच विषांत वावरतो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. माशी आणि मनुष्य यांचा पक्ष येथें वेगळा नाहीं. डाळिंबाचें फूल माशीच्या येण्यानें अधिक धरतें, हें त्या बागवानासही ठाऊक होतें.

कांहीं सुजाण बागाईतदार बहरांत मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवितात. पुण्यास १९६२ पासून मधमाशीसंशोधनाची केंद्रीय संस्था आहे, व २०२० पासून केंद्र सरकारचें मधाविषयींचें स्वतंत्र अभियानही आहे. हे उद्योग स्तुत्य आहेत. परंतु पेटींतील माशी फवारणीच्या दिवशीं झांकून दुसरीकडे नेतां येते. पिंपळावरील आग्यास व बांधांतील भुंग्यास कोण नेणार? त्यांच्यासाठीं उपाय फुलांपाशींच केला पाहिजे : फूल उमललेलें असतां फवारूं नये; अगदींच गरज पडल्यास माश्या परतल्यावर तिन्हीसांजेनंतर फवारावें; दाणेदार विष बांधाजवळ टाकूं नये; बांधावर करंज, बोर, बाभूळ व थोडें वाळकें लाकूड राहूं द्यावें. सुपें येथें चिंकाऱ्यांसाठीं १९९७ सालीं सुमारें पांच चौरस किलोमीटरचें मयूरेश्वर अभयारण्य राखलें गेलें. तेवढा माळ हरणांबरोबर भुंग्यांसही उपयोगीं पडतो.

(६) संग्राहकांस विनंती

शेवटीं आमच्या वाचकांस एक विनंती करावयाची आहे. मोहोळांस दप्तर नाहीं, असें आम्ही पुष्कळ दिवस म्हणत होतों. तें चुकीचें होतें असें आतां वाटतें. इंदापुरकडील जे बागाईतदार परदेशीं द्राक्षें पाठवितात त्यांस कोणत्या तारखेस कोणतें औषध किती फवारलें याची वही ठेवावी लागते. डाळिंबवाल्यांतही अशा वह्या पुष्कळांजवळ असतात. औषधांच्या दुकानांच्या पावत्या, जुने सल्लापत्रक, कारखान्यांचीं ऊसनोंदणीचीं पुस्तकें हीं सर्व याच इतिहासाचीं साधनें आहेत. मोहोळ कधीं आलें व कधीं उठलें हें गांवचे वृद्ध, गुराखी व मध काढणारे अद्याप सांगूं शकतात. या दोहोंचा मेळ घातला तर कोणत्या वर्षीं, कोणत्या विषाबरोबर, कोणतें झाड ओस पडलें, याचें बरेंच खात्रीचें टिपण तयार होईल, आणि तें माळेगांवच्या कृषिसंशोधकांपुढें ठेवितां येईल. परंतु या वह्या हंगाम संपला कीं रद्दींत जातात. पेशवाईंतील रुमाल वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेले म्हणून आपण आजवर हळहळतों. तीच गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत पुन्हां होऊं देऊं नये.

आमच्या घरच्या पोथ्यांची पेटी आमच्याकडे आली तेव्हां कसर लागूं नये म्हणून आम्हींच तींत बी. एच. सी. ची भुकटी पसरली होती. वडील वेखंड घालीत तें आम्हांस जुनाट वाटलें. गेल्या वर्षीं ती भुकटी काढून, पेटी उन्हांत ठेवून, पुन्हां वेखंड घातलें. पेटीच्या मागील फळींत एका भुंग्यानें भोंक पाडण्यास आरंभ केला आहे. पोथ्या दुसऱ्या पेटींत हलविल्या असून ती फळी तूर्त त्याच्याकडेच राहूं दिली आहे.